आई जिवंत असलेली कादंबरी

"मेक्सिकोत माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं वाक्य कोणतं, सांग बघू?"

एस्तेलाबाईंनी हे मला जिन्यात विचारलं. माझ्या हातात कचऱ्याची पिशवी होती आणि ट्राम गाठायची होती. मला वाटलं, झालं, आता या लेखिकाबाई स्वतःच्या कादंबरीतलं काहीतरी ऐकवणार आणि आपल्याला उगाच वा वा करावं लागणार. त्यांनी फडकं बादलीत पिळलं, ताठ उभ्या राहिल्या आणि शपथ घ्यावी तशा आवाजात म्हणाल्या, "डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे. लहान मुलांपासून दूर ठेवावे."

इथे जर्मनीत, आमच्या लुडविग्सहाफेनमध्ये, रसायनं तयार होतात आणि जगभर जातात. त्यांच्या डब्यांवर स्पॅनिशमध्ये जे इशारे छापलेले असतात, त्यांतले कितीतरी या बाईंनी आमच्या खालच्या मजल्यावर बसून लिहिलेले होते. पोट त्यावर चालायचं. शिवाय आठवड्यातून दोन संध्याकाळी फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढांच्या संध्याशाळेत, स्पॅनिश शिकवायचं. कादंबऱ्या पाच. तिकडे मायदेशी मेक्सिकोत त्यांना बक्षीसही मिळालेलं होतं म्हणे, पण त्यांच्या गावातल्या दुकानात त्यांचं पुस्तक नव्हतं. गोंदाचा डबा होता. "माझे शाळेतले सोबती मला गोंदाच्या डब्यावर वाचतात," त्या म्हणायच्या. "कादंबरीने कोणाचं काही झालं नाही. डब्यामुळे एखाद्याचे डोळे तरी शाबूत राहिले असतील."

जर्मनमध्ये आम्ही पहिल्याच वर्षी 'झी'वरून 'दू'वर, म्हणजे अहोवरून अगंवर, आलो होतो. पण मराठीत सांगताना मला त्यांना अगं-तुगं करवत नाही. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, आणि माझ्या हातून त्यांचं जे झालं ते झाल्यावर तर नाहीच.

दिसायला लहानखुऱ्या. पांढरी वेणी, वेणीत खोचलेली पेन्सिल, आणि जुन्या बाजारात घेतलेला राखाडी पुरुषी स्वेटर, कोपरांना ठिगळं लावलेला. लेखकांना मिळते तसल्या एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर आल्या आणि चोवीस वर्षं राहिल्या. का राहिल्या, असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "बॅग उघडली, आणि मग परत भरायचा कंटाळा आला." मधे एक लग्न झालं आणि संपलं. त्या नवऱ्याबद्दल मी त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं आहे: "तो वक्तशीर होता."

लिहायच्या त्या शाळेच्या वह्यांत, पेन्सिलीने. कॉम्प्युटर होता, पण तो इशाऱ्यांसाठी. लिहिलेलं पान मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांना ते खरं वाटायचं नाही आणि घर अगदीच लहान, म्हणून त्या जिन्यात वाचायच्या. आमच्या इमारतीत जिना धुवायच्या पाळ्या आहेत. पुट्झप्लानची पाटी ज्याच्या दाराच्या मुठीला लटकेल, त्याचा तो आठवडा. बाकी सगळे पाटी दिसली की तोंड वाकडं करतात. एस्तेलाबाई मात्र लोकांच्या पाळ्यासुद्धा मागून घ्यायच्या. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात वही, आणि चार मजले स्पॅनिश घुमायचं. पहिल्या मजल्यावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, लांग निवृत्त आणि नियमाचे पक्के. दुपारी एक ते तीन रूहेत्साइट, शांततेची वेळ, असते, त्या वेळेत जिन्यात 'वाचनाचा गोंगाट' होतो अशी त्यांनी इमारतीची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरकडे लेखी तक्रार केली. हाउसमाइस्टरने जिन्यात सूचना चिकटवली. दुसऱ्या दिवशी तीनच्या ठोक्याला एस्तेलाबाईंनी त्या सूचनेचं स्पॅनिश भाषांतर केलं आणि चारही मजले फिरून, अत्यंत गंभीरपणे, ते मोठ्याने वाचून दाखवलं. हेर लांगनी दार उघडलं, पूर्ण ऐकलं आणि बंद केलं.

हे सगळं मला लांबून ठाऊक होतं. मी वार्निशच्या एका छोट्या कंपनीत प्रयोगशाळेत नमुने तपासते. नवरा मोठ्या कारखान्यात. लेखक वगैरे लोकांशी माझा संबंध नाही आणि खरं सांगायचं तर मला फारसा उमाळाही नव्हता. संबंध आला तो माझ्या सासूबाईंमुळे.

सासूबाई मे महिन्यात कराडहून आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सुटकेसमध्ये साड्या कमी आणि ज्वारीचं पीठ जास्त. पहिल्याच रविवारी दुपारी त्यांनी परात पुढ्यात ओढली आणि भाकरी थापायला बसल्या. थप थप थप. मी म्हटलं, "अहो आई, जरा हळू. रविवारची दुपार आहे, खालून तक्रार येईल."

"भाकरी हळू कशी थापायची गं?" त्या म्हणाल्या आणि आणखी जोरात थापू लागल्या.

दारावरची घंटा वाजली. मी कपाळाला हात लावला. हेर लांगना काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत दार उघडलं, तर समोर एस्तेलाबाई, अनवाणी, पेन्सिल हातात.

"कोण थापतंय?" त्यांनी विचारलं.

मी माफी मागायला लागले. त्यांनी ऐकलंच नाही. मला बाजूला सारून त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि परातीसमोर फरशीवर बसल्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, कोण बाई, कुठली बाई, काही विचारलं नाही. तव्यावरची भाकरी काढली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि ताटली पुढे केली. एस्तेलाबाईंनी ताटली मांडीवर घेतली, पण खाल्लं नाही. हाताने खूण केली, थांबू नका, थापत राहा. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"हिला म्हणावं आधी खा," सासूबाई मला म्हणाल्या. "भाकरी गार करून रडण्यात काय हशील?"

एस्तेलाबाईंची आई गावात मक्याच्या गिरणीवर काम करायची आणि दिवसभर मक्याच्या पोळ्या हातावर थापायची. तिला लिहिता-वाचता येत नाही. लहानपणी एस्तेलाबाई शेजारी बसून सामानाला गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांतलं तिला वाचून दाखवायच्या. मजकूर रंगला की आईचे हात थांबायचे. "ते हात थांबवायचे म्हणून मी वाचत असताना मधे मधे स्वतःचं घालायला लागले," त्या म्हणाल्या. "लेखिका झाले ती अशी."

दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन हजर. सासूबाई भाकऱ्या करणार, त्या वाचणार. मी म्हटलं, "एस्तेला, यांना स्पॅनिशचं एक अक्षर कळत नाही. जर्मनही नाही." त्या म्हणाल्या, "गेनाऊ, बरोबर. म्हणूनच." एकदा मी मोठ्या हुशारीने फोनवर भाषांतराचं ॲप चालू करून सासूबाईंपुढे धरलं. एस्तेलाबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि पिठाच्या डब्यात उभा करून ठेवला. "गोष्ट कळली की माणसं गोष्टीच्या मागे धावतात. मला वाक्य ऐकणारं माणूस पाहिजे."

आणि सासूबाई ऐकायच्या. मी कामावर निघायच्या आधी, सकाळी नऊ ते साडेनऊ, आमच्या स्वयंपाकघरात हा कार्यक्रम चालायचा. सासूबाईंचं सारं आयुष्य चातुर्मासात देवळात पोथी ऐकण्यात गेलेलं. समोर कोणी वाचायला बसलं की पदर सारखा करायचा, अध्याय संपल्याशिवाय उठायचं नाही, आणि मधून मधून हुंकार द्यायचा. "हं." हुंकार न देता ऐकणं म्हणजे दारात आलेल्याला उभं ठेवणं, असं त्यांची आई म्हणायची. एस्तेलाबाई वाचायच्या आणि सासूबाई म्हणायच्या, "हं."

पहिल्याच आठवड्यात एस्तेलाबाईंनी मला विचारलं, "त्या मधेच 'हं' म्हणतात, त्याचा अर्थ काय?"

मी कांदा चिरत होते. घड्याळाकडे एक डोळा होता. "आवडलं की म्हणतात," मी म्हटलं.

बस. एवढंच. मी सासूबाईंना विचारलं नाही, विचार केला नाही. प्रयोगशाळेत एक थेंब कमी-जास्त झाला तर नमुना परत तपासणारी बाई मी, आणि हे बेधडक सांगून मोकळी झाले.

त्यानंतर एस्तेलाबाई हुंकार आला की समासात पेन्सिलीने एक बारीक टिंब काढायला लागल्या. मी ते बघायची. छान चाललंय दोघींचं, असं म्हणून कामावर जायची.

हळूहळू त्या पुस्तकाचं मला कळलं. एका सकाळी वाचन झाल्यावर त्या दालचिनी घातलेली काळी कॉफी करून बसल्या होत्या. मी सहज विचारलं, "तुमच्या आईला तुमची कुठली कादंबरी सगळ्यात आवडली?"

"एकही ऐकलेली नाही."

त्यांच्या पहिल्या कादंबरीला बक्षीस मिळालं तेव्हा गावच्या शाळामास्तरांनी चौकात सगळ्यांना बोलावलं, आईला पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि पहिलं पान मोठ्याने वाचलं. पहिल्याच पानावर आई मरते. कादंबरीतली आई, पण गिरणीवर काम करणारी, कपाळावर भाजल्याचा डाग असलेली. म्हातारी उठली, खुर्ची आपल्या हाताने बाजूला ठेवली आणि घरी गेली. संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाली, "मला मारलंस?" त्यानंतर तिने मुलीच्या लिहिण्याचा विषय काढला नाही.

"पण मुद्दाम थोडंच केलं तुम्ही," मी म्हटलं.

"पुढच्या चारही कादंबऱ्यांत आई मेलेलीच आहे," त्या म्हणाल्या. "सोयीचं पडतं. आई जिवंत असली की पात्रं घर सोडून जात नाहीत, मग कादंबरी पुढे कशी सरकणार? मी स्वतः जिवंत आईला सोडून आले आणि कागदावर मात्र तिला आधी मारून मग निघते." त्यांनी कप खाली ठेवला. "या पुस्तकात ती शेवटपर्यंत जिवंत आहे. हे तिला ऐकवायचं आहे. घरी जाऊन, समोर बसून."

मग इतकी वर्षं का लावलीत, असं माझ्या तोंडावर आलं होतं. त्यांनी ओळखलं. हे पुस्तक ऐकशील का, असं यांनी विचारल्यावर आईनेच अट घातली होती. फोनवर नको, अर्धवट नको. कच्ची पोळी मी ताटात घेत नाही, पूर्ण झालं की ये. आणि आता आईची वेळ सरत आली होती. तब्येत धडधाकट होती, पण कान चालले होते. उजवा पूर्ण गेलेला. डाव्याचं थोडंफार उरलेलं, तेही दर महिन्याला कमी होत होतं. तिकडे आईजवळ राहणारी बहीण दर रविवारी फोनवर कळवायची, आज दारावरची टकटक ऐकू आली नाही, आज कोंबड्याचं ऐकू आलं.

वाचता न येणारी आई, आणि तिचे कान चाललेले. हे ऐकल्यावर मी पहिल्यांदा या बाईंकडे नीट पाहिलं. तोवर मला त्या विक्षिप्तच वाटत होत्या.

जुलैच्या शेवटी, सासूबाईंच्या परतीला दहा दिवस उरले असताना, ती सकाळ आली. एस्तेलाबाई वाचत होत्या. नेहमीसारख्या नव्हत्या. आवाज खाली, एकसंध, कुठे न थांबता. सासूबाईंचे हात पिठात तसेच राहिले. तव्यावरच्या भाकरीचा धूर निघाला, मी जाऊन आमची ती काचेची विजेची शेगडी बंद केली. अर्धा तास सासूबाई एकदाही "हं" म्हणाल्या नाहीत. वाचन संपलं. एस्तेलाबाईंनी वर पाहिलं. सासूबाई खाली मान घालून बसलेल्या.

"ठीक आहे," एस्तेलाबाई हळूच म्हणाल्या. "उद्या दुसरं आणते." आणि गेल्या. पाच मिनिटांनी मी बाल्कनीतून पाहिलं, तर त्या खाली निळ्या डब्यापाशी. वहीतली पानं टराटरा फाडून कागदाच्या कचऱ्यात टाकत होत्या.

मी आत आले. "आई, आज आवडलं नाही का?"

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "आवडलं नाही? अगं, कुणाचं तरी घर सुटत होतं ना आज? भाकरी जळतेय तेसुद्धा कळलं नाही मला."

"मग हं का नाही म्हणालात?"

"रंगात आलेल्या माणसाला मधेच कशाला टोकायचं?" त्या म्हणाल्या. "ती अडखळली, दम लागला, सूर सुटला की म्हणते मी हं. धीर द्यायला. चल बाई पुढं, आहे मी इथं, म्हणून."

मी तशीच, एप्रन न काढता, चार मजले खाली धावले आणि निळ्या डब्यात कमरेपर्यंत वाकले. त्या दिवसाची पानं हाताला लागली. खाली पिझ्झाची खोकी, जाहिराती, वर्तमानपत्रं. त्याच्याखाली काही नाही. डबा आदल्या दिवशीच रिकामा झाला होता. तेव्हा मला उलगडलं: मे महिन्यापासून ज्या ज्या पानाला समासात टिंब पडलं नव्हतं, ते ते पान या बाईंनी इथे आणून टाकलेलं होतं.

डोकं वर काढलं तर एस्तेलाबाई खिडकीतून बघत होत्या.

मी त्यांना जिन्यातच सांगितलं. सगळं. कांदा चिरत होते तेही. त्या पायरीवर बसल्या. आधी हसल्या, पोट धरून हसल्या, मला वाटलं चला, सुटलो. मग हसू थांबलं.

"आल्झो, अस्सं," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्याकडे आता फक्त अडखळलेली पानं उरली आहेत."

त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी आई असती तर चांगली झोडपून काढली असती आणि विषय संपला असता. यांनी माझ्या एप्रनला चिकटलेला कागदाचा कपटा काढला, हातातली पानं घेतली आणि लिहायला गेल्या.

सव्वाशे पानं आठवून परत लिहायची होती. सासूबाई कराडला परत गेल्या. जाताना त्यांनी पोथीला असतो तसा लाल कापडाचा रुमाल एस्तेलाबाईंच्या हातात ठेवला. मी हुंकार द्यायला बसून पाहिलं. दोन दिवसांत त्यांनी मला उठवलं. "तू ऐकत नाहीस. तू तपासतेस." खरंच होतं. त्यांनी इशाऱ्यांची कामं घेणं बंद केलं. हिवाळ्यात हीटिंग कमी ठेवून, कोट घालून लिहायच्या. मी डबा नेऊन द्यायची. तेवढंच मला जमण्यासारखं होतं. रविवारी बहिणीचा निरोप यायचा आणि त्या तो मला सांगायच्या. नोव्हेंबरात आईच्या कानांतून कोंबडा गेला. नाताळात चर्चची घंटा गेली, पण कानाशी तोंड नेऊन बोललं तर कळतंय.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. दारात त्या, हातात सहा वह्या. "झालं," म्हणाल्या. चेहरा पार उतरलेला, पण डोळे एखाद्या मुलीचे. त्याच दिवशी तिकीट काढणार होत्या.

त्याच दुपारी बहिणीने कळवलं की आता काहीच ऐकू येत नाही. कानाला यंत्र लावलं, तर त्यात नुसती खरखर. म्हातारीने ते काढून साखरेच्या डब्यात टाकलं.

एस्तेलाबाईंनी वह्या कपाटावर, सुटकेसच्या मागे सारल्या. परत इशाऱ्यांची कामं घेतली. पाटी दाराला लागली की जिना धुवायच्या, पण तोंडातून आवाज नाही. फडक्याचा तेवढा यायचा. दोन आठवड्यांनी हेर लांगनी मला टपालपेट्यांपाशी गाठलं. "वरच्या बाई आजारी आहेत का?" त्यांनी विचारलं. "आवाज नाही त्यांचा." तक्रारीच्या सुरातच विचारलं, पण विचारलं.

मी रविवारी कराडला फोन लावला. सासूबाईंना जुलैमधलं ते काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या हुंकारावरून पानं फेकली गेली हे त्यांना सांगायची मला लाज वाटली होती. त्या दिवशी सगळं सांगितलं आणि रडले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझं रडणं राहू दे. तिला बोलाव."

एस्तेलाबाई आल्या. मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर सासूबाई, मागे त्यांचं देवाचं कपाट.

"विचार तिला," सासूबाई म्हणाल्या, "तू वाचत होतीस त्यातलं मला काय कळत होतं?"

मी जर्मनमध्ये विचारलं. "काहीच नाही," एस्तेलाबाई म्हणाल्या.

"मग मी तीन महिने काय करत होते?"

एस्तेलाबाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "ऐकत होत्या."

"मग झालं तर. मला कळत नव्हतं, तिला ऐकू येत नाही. तिच्यापुढं जाऊन बस आणि वाच. पोर समोर बसून आपल्यासाठी वाचतंय, एवढं कळायला कान कशाला लागतो? आणि पोरी, तिनं सांगितलं होतं पूर्ण झालं की ये. झालंय ना पूर्ण? मग इथं काय करतेस?"

हे सगळं मी भाषांतर करून सांगितलं. शब्दाला शब्द. या वेळी एक अक्षर माझ्या मनाचं घातलं नाही. 'पोरी' या शब्दाशी जर्मनमध्ये अडले, तर तो तसाच मराठीत म्हटला.

मार्चमध्ये त्या गेल्या. एकाच दिशेचं तिकीट. घर सोडलं, पुस्तकं वाटली. निघायच्या दिवशी पाटी माझ्या दाराला होती, तरी जिना त्यांनीच धुतला, आणि धुताना वाचलं. चौथ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत. हेर लांग दार उघडून उभे होते. घड्याळात दोन वाजले होते, रूहेत्साइटचा ऐन मध्य. ट्रामच्या थांब्यापर्यंत मी त्यांची बॅग ओढत गेले. वह्या बॅगेत नव्हत्या. लाल रुमालात बांधून त्यांनी त्या छातीशी धरल्या होत्या. मला माफ करा, असं म्हणायचं मी सकाळपासून ठरवलं होतं. "तिकडे पोचलात की कळवा," एवढंच म्हणाले. त्यांनी वेणीतली पेन्सिल काढून माझ्या केसांत खोचली आणि ट्राममध्ये चढल्या.

आता त्यांच्या घरात एक तरुण जोडपं राहतं. ते पाटी लागली की तोंड वाकडं करतात. पुस्तक छापून आलं की नाही, ते मला ठाऊक नाही.

मे महिन्यात मी कामावरून घरी येत होते. ट्राम पुलावर आलेली, फोनवर व्हिडिओ आला. सोबत काही लिहिलेलं नव्हतं. फोन बहुधा बहिणीने धरला असावा, चित्र हलत होतं. अंगण. दोन लाकडी खुर्च्या अगदी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. एका खुर्चीवर एस्तेलाबाई, मांडीवर लाल रुमाल, त्यावर वही. दुसऱ्या खुर्चीवर बारीकशी म्हातारी, कपाळावर डाग. तिने हात लांब करून तळवा लेकीच्या गळ्यावर ठेवला होता, अख्खा तळवा, आणि डोळे मिटले होते. एस्तेलाबाई वाचत होत्या. जिन्यात वाचायच्या तसंच, मोठ्याने. आवाज गळ्यातून म्हातारीच्या हातात जात असणार. तिची मान हलत होती.

मग एस्तेलाबाईंचा आवाज अडला. त्यांनी पान उलटलं, परत तेच उलटलं. तोंड उघडलं, आवाज फुटेना. म्हातारीचा हात गळ्यावर तसाच, वाट बघत. त्या अंगणात कोणी काही म्हणेना.

"हं," मी म्हणाले.

ट्राममध्ये, भरल्या गाडीत, चांगलं मोठ्याने. समोरच्या बाईंनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मी फोन आणखी जवळ धरला आणि परत म्हणाले, "हं."

म्हातारीने डोळे न उघडता लेकीच्या गळ्यावर दोनदा हलकेच थोपटलं, आणि एस्तेलाबाई पुढे वाचायला लागल्या.